दोन अबोले आणि एक कानखांब

शहरातली जकात बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, तरी गावाबाहेरच्या त्या बसक्या दगडी इमारतीला सोलापूरकर अजून नाकाच म्हणत. आता तिच्यावर महापालिकेची नवी पाटी होती: ‘नगर सलोखा व हिंसा प्रतिबंध कार्यालय’. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला सवड होती? तिथल्या माणसांना लोक नुसतं ‘समजूतवाले’ म्हणायचे, आणि वरलक्ष्मी कोंडा ही त्यांतली सगळ्यांत जुनी समजूतवाली.

त्या दिवशी महापालिकेच्या शाळेतली सहावीची मुलं कार्यालय बघायला आली होती. अंगणात एक खांब उभा होता. वर दिवा, आणि दिव्याखाली बारीक भोकांचं एक कडं, गळ्यात माळ घालावी तसं. असे खांब शहराच्या बहुतेक गल्ल्यांच्या तोंडाशी होते. त्यांचं सरकारी नाव ‘संवादलय मापक’. लोकांनी त्याचा कधीच कानखांब करून टाकला होता.

“बाई, हा आमचं सगळं बोलणं ऐकतो?” एका मुलाने विचारलं.

“ऐकतो.”

“माझी आई आजीबद्दल काय बोलते ते पण?”

सगळी मुलं खिदळली. वरलक्ष्मीही हसली.

“घाबरू नकोस. शेजारच्या घरात कोणी बोलत असलं की भिंतीपलीकडून शब्द कळतात का? नाही. पण भांडण चाललंय की गप्पा चालल्यात, ते कळतं ना? बस. या खांबाला तेवढंच कळतं. शब्द तो जागच्या जागी पुसून टाकतो. आवाजाचा चढउतार ठेवतो, वेग ठेवतो, आणि दोघांच्या बोलण्यामधली फट किती ती ठेवतो.”

मुलांच्या तोंडावर काही उजेड पडेना. तेव्हा तिने दोन मुलींना पुढे बोलावलं आणि फुगडी घालायला सांगितली. त्या हातांची अढी घालून गरागरा फिरू लागल्या, तशी बाकीच्यांनी टाळ्या धरल्या.

“आता थांबा. तेजल, तू हिच्यावर रुसली आहेस असं समज. आणि घाला फुगडी.”

तेजलने गाल फुगवले, हात सैल धरले. दोन गिरक्यांत दोघींचे पाय अडखळले आणि दोघी धपकन बसल्या.

“बघितलंत? फुगडीत आपला भार समोरचीवर असतो आणि तिचा आपल्यावर. जरा मन हटलं, की आधी ताल सुटतो. पडणं नंतरचं. बोलण्याचंही तसंच असतं. ताल आधी सुटतो, डोकं नंतर फुटतं. मधल्या वेळात आम्ही जातो.”

मोठ्यांसाठी हीच गोष्ट थोडी नीट सांगायला हवी. दोन माणसं बोलू लागली की नकळत एकमेकांच्या तालावर येतात. एक सावकाश बोलला की दुसऱ्याचाही वेग उतरतो. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचाही थोडा चढतो. एकाचं वाक्य संपायच्या आधीच दुसऱ्याने श्वास घेतलेला असतो, त्यामुळे दोन वाक्यांमधली फट पापणी लवण्याइतकीच उरते. सोलापूरसारख्या गावात माणूस मराठीत सुरू करतो, तेलुगूत चिडतो, कन्नडमध्ये हिशेब करतो आणि उर्दूत शेर मारतो, पण ताल सगळ्या भाषांत सारखाच. एकमेकांना प्रेमाने शिव्या देणारे दोस्त तालात असतात. तोंडाने गोड बोलून मनात अढी ठेवणारे तालात नसतात. शेजाऱ्यांचा हा ताल मारामारीच्या कितीतरी दिवस आधी विस्कटू लागतो, हे शास्त्रज्ञांना सापडलं, आणि त्यातूनच कानखांब आले. ताल बरा असलेली गल्ली नकाशावर हिरवी दिसे, बिघडू लागलेली पिवळी, आणि पार बिघडलेली लाल. लाल गल्लीत समजूतवाला जाऊन बसायचा, चहा प्यायचा, दोन्ही बाजू ऐकायचा. खांब आल्यापासून डोकी फुटून दवाखान्यात येणारी माणसं खरोखरच कमी झाली होती.

तेजल अजून धूळ झटकत होती. ती म्हणाली, “बाई, पण आम्ही फुगडी घातलीच नाही तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी हिचे हातच धरले नाहीत. बोललेच नाही हिच्याशी. मग ताल सुटेलच कसा? मग खांब काय म्हणेल?”

“काहीच नाही म्हणणार. मोजायला काही नाही, तर तो गप्प राहील.”

“आणि नकाशावर कुठला रंग?”

“हिरवा,” वरलक्ष्मी म्हणाली. आणि स्वतःचं उत्तर स्वतःच्या कानावर पडल्यावर तिला वाटलं, आपण या पोरीला आत्ता काय सांगितलं?

मुलं गेल्यावर ती झरीन नदाफच्या टेबलापाशी गेली. झरीन ही खांबांची आणि नकाशाची देखभाल करणारी इंजिनिअर. वयाने लहान, बोलायला फटकळ.

“झरीन, लोक बोलतच नसतील तर गल्ली हिरवी दिसते का गं?”

“दिसते की.”

“का?”

“आता मला विचारताय, ताई? आधी ती पांढरी दिसायची. पांढरी म्हणजे माहिती नाही. मग नगरसेवकांचे फोन यायला लागले, आमच्या वॉर्डात खांब बंद पडलेत काय म्हणून. शेवटी बैठकीत ठरलं, भांडण ऐकू येत नाही म्हणजे शांतता आहे, टाका हिरवा. तुम्ही पण होता त्या बैठकीत. भजी खात होता.”

“तू काही बोलली नाहीस?”

“बोलले की. म्हटलं, नाडी लागत नाही म्हणून डॉक्टरने ‘ताप नाही’ लिहायचं का? सगळे हसले, आणि हिरवा रंग पास झाला.”

वरलक्ष्मीने नकाशावर बोट ठेवलं. हौद गल्ली. शहरातल्या सगळ्यांत हिरव्या गल्ल्यांपैकी एक. तिथे तिचा धाकटा भाऊ मल्लेशम येमूल राहत होता, आणि मागच्या उन्हाळ्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

गोष्ट तशी साधी होती. मल्लेशमचे टॉवेलचे माग. शेजारी इरण्णा हत्तुरे, त्यांच्या घरी कडक भाकरीचा धंदा. मागावरून उडालेलं सुताचं तूस भिंतीवरून जायचं आणि वाळत घातलेल्या भाकरीवर बसायचं. त्यावरून दोघे वर्षानुवर्षं भांडत आले होते. “ए मल्लेश, लोक माझी भाकरी खाऊन टॉवेल ओकूलालेत बे,” असं इरण्णा ओरडायचा, आणि मल्लेशम म्हणायचा, “मग अंग पुसायला त्यांना वेगळा घ्यावा लागत नसेल.” त्या भांडणाने कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण एकदा इरण्णाची मोठी ऑर्डर तुसामुळे परत आली. त्या आठवड्यात दोघांचं खरंच बिनसलं, आणि नव्यानेच बसवलेल्या कानखांबाने ते अचूक पकडलं. गल्ली लाल झाली.

समजूतवाल्याने स्वतःच्या नातेवाइकांच्या वादात पडायचं नाही, असा कार्यालयाचा नियम होता आणि तो योग्यही होता. वरलक्ष्मीच्या जागी दुसरे दोघे गेले. त्यांनी सल्ला दिला तो असा: काही दिवस कामापुरतंच बोला, वाद होईल असं वाटलं तर गप्प बसा. दोघांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. ते बोलायचेच थांबले. आणि मल्लेशमने आणखी एक अबोला धरला, तो बहिणीशी. “माझ्या दारात खांब उभा केलास तू, आणि समजूत घालायला परकी माणसं पाठवलीस,” हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं.

दोघे गप्प झाले आणि गल्ली हिरवीगार झाली.

संध्याकाळी भावजयीचा, अनसूयाचा, फोन आला. अनसूया चोरून फोन करायची, माळ्यावर जाऊन.

“अक्का, उद्या पाण्याचा दिवस आहे.”

“मग?”

“मग काय? मागच्या पाण्याला इरण्णांची मोटार जळली. त्यांना वाटतंय आमच्या ह्यांनी मुद्दाम जाळली. त्याच्या आधी आमचा पाइप कापलेला होता. आज आमच्या श्रीकरने हौदाजवळ पहार आणून ठेवलीय. पलीकडे त्यांचा बसू पण काहीतरी लोखंडी घासत बसलाय. अक्का, मला भीती वाटूलालीय.”

वरलक्ष्मीला हौद डोळ्यांसमोर दिसला. दोघांच्या बापांनी मिळून खणलेला, दोन्ही घरांच्या मधल्या अंगणाखाली. मधली बुटकी भिंत हौदापाशी येऊन थांबलेली. झाकणं दोन, पाणी एक. शहरात इतकी यंत्रं आली, तरी नळाला रोज पाणी आणणारं यंत्र काही आलं नव्हतं. पाण्याच्या दिवशी हौद भरायला लागला की दोन्ही घरांनी आपापल्या मोटारीने वरच्या टाकीत पाणी चढवायचं, पण एका वेळी एकानेच. दोन्ही मोटारी एकदम चालल्या तर पाणी तळाला जातं, मोटारी हवा ओढतात आणि जळतात. म्हणून रीत अशी होती की एकाची टाकी भरली की त्याने भिंतीवरून हाळी द्यायची, “झालं, घ्या.” मग दुसऱ्याने खटका दाबायचा.

अबोला धरल्यावर ती हाळी कोण देणार?

कोणी कोणाची मोटार जाळली नव्हती. दोघेही अंदाजाने खटका दाबत होते, एवढंच. मोटार जळली ती गप्प बसण्याने. आणि गप्प बसायला सांगितलं होतं ते आपल्याच कार्यालयाने.

ती तशीच उठून गायधनी मॅडमच्या खोलीत गेली. त्या कार्यालयाच्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या, डोक्याने थंड.

“मॅडम, हौद गल्लीत उद्या माणूस पाठवा.”

“हिरव्या गल्लीत माणूस पाठवता येत नाही, वरलक्ष्मी. लाल गल्ल्यांनाच माणसं पुरत नाहीत.”

“ती हिरवी नाही. ती पांढरी आहे.” तिने सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. “तू लेखी दिलंस तर मी पोलिसांना कळवू शकते. सकाळी गाडी उभी राहील. पण मग दोन्ही पोरांची नावं चौकीत लागतील.”

श्रीकरची अग्निशमन दलात निवड झाली होती. चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती. चौकीत नाव लागलं की संपलं. आणि कळवलं नाही, आणि उद्या पहार चालली, तर श्रीकरही संपला आणि बसूही.

“आणि तुला तर त्या गल्लीत कामासाठी जाता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी विचारलं, “उद्या तू रजेवर आहेस ना?”

“नाही, मॅडम.”

“अर्ज दे. मंजूर आहे.”

सकाळी वरलक्ष्मी हौद गल्लीत पोचली तेव्हा नळाला पाणी यायचं होतं. अंगणात दोन्ही घरांची माणसं उभी होती आणि कोणीही बोलत नव्हतं. तिला एकदम जाणवलं की हे अंगण तिने कधी असं ऐकलंच नव्हतं. मागांचा खडखडाट होता, भाकऱ्या थापल्याचा आवाज होता, आणि मधे माणसांच्या जागी एक भोक पडल्यासारखं होतं. श्रीकर पहारीवर हात ठेवून उभा. भिंतीपलीकडे बसू, हातात लोखंडी पट्टी. मल्लेशम मोटारीच्या खटक्याशी, इरण्णा आपल्या नव्या मोटारीशी.

रात्रभर तिने भावासाठी शब्द जुळवले होते. मल्लेश, चुकलं आमचं. मल्लेश, मी यायला हवं होतं. असं बरंच काही. ती हौदाच्या दोन झाकणांच्या मधोमध जाऊन बसली आणि म्हणाली, “मल्लेश.”

मल्लेशमने तिच्याकडे पाठ केली.

“अनसूया,” तो बायकोला म्हणाला, “त्या बाईला सांग, इथे पाणी भरायचंय. मधे बसू नका म्हणावं.”

अनसूयाने नणंदेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “मी काय पोस्टमन आहे? तुम्हीच सांगा,” असं म्हणून ती आत वळली. दारातून तिने हाक मारली, “श्रीकर, बसू, दोघे या इकडे. ज्वारीची कोठी सरकवायचीय, मला एकटीला हलत नाही.”

श्रीकर घुटमळला. बसूने बापाकडे पाहिलं. पण लहानपणापासून अनसूयाच्या हातचं खाऊन तो वाढला होता, आणि मल्लेशमशी बोलू नको असं ठरलं होतं तरी अनसूयाकाकूचं ऐकू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पट्टी भिंतीला टेकवली आणि उडी मारून इकडे आला. दोघे पोरगे एकमेकांकडे न बघता आत गेले. दार बंद झालं.

अंगणात तिघेच उरले.

वरलक्ष्मी झाकणांवर बसून होती. मल्लेशम इरण्णाशी बोलत नव्हता. मल्लेशम तिच्याशीही बोलत नव्हता. आणि आता निरोप सांगायला मधे कोणी नव्हतं. तेव्हा तिच्या मनात आलं, एकाच अंगणात एकाच वेळी माणसाला दोन अबोले पाळता यायचे नाहीत. अबोल्याला मधला माणूस लागतोच. दोघांपैकी एकाला त्याला मधला माणूस करावं लागेल.

तिला वाटत होतं की त्याने आपल्याला करावं. बहिणीला सांगावं, “अक्का, त्या इरण्णाला म्हणावं…” एवढ्यानेही तिचं पोट भरलं असतं. पण मग इरण्णाचा अबोला तसाच राहिला असता, आणि पुढच्या पाण्याला ती काही इथे बसलेली नसणार. ज्याच्यावर राग कमी, तोच मधला होतो. म्हणजे भावाचा राग आपल्यावर जास्त असायला हवा. इरण्णावर आहे त्याहून खूप जास्त.

जुळवलेले शब्द तिने गिळून टाकले.

“इरण्णा,” ती मोठ्याने म्हणाली, “मी काही समजूत घालायला आले नाही. हा हौद बुजवा म्हणून महापालिकेला शिफारस करणार आहे. वादाचं पाणी बंद करायची तरतूद आहे कायद्यात. माती टाकून सपाट करतील. मग दोन्ही घरांनी टँकरच्या रांगेत उभं राहायचं.”

इरण्णाच्या हातातली नळी खाली पडली. “वरूक्का, काय बोलूलालाव? हौद बुजवायचा?”

“न बोलणाऱ्या दोन घरांना एक हौद ठेवता येत नाही. आज पहारी आल्यात. उद्या काय येईल?”

“अहो, पण तुमच्याच वडिलांनी…”

“वडील गेले. आता महापालिका बघेल.”

तिने हे म्हटलं आणि मल्लेशमच्या मानेची शीर तटतटली. तो गर्रकन वळला. त्याने आत बघितलं, बंद दाराकडे. गल्लीकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. बहिणीकडे तर तो बघायलाही तयार नव्हता. शेवटी त्याने भिंतीपलीकडे बोट केलं.

“इरण्णा,” तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. “सांग या बाईला. हौद तिच्या बापाचा एकट्याचा नव्हता म्हणावं.”

इरण्णा बघतच राहिला. मागचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढं सगळं त्याच्या तोंडावरून सरकून गेलं.

“काय सांगू म्हणालास?”

“सांग, तुझ्या बापाने पलीकडून खणलं आणि माझ्या बापाने अलीकडून. मधे खडक लागला तेव्हा दोघे मिळून आठवडाभर सुरुंगवाल्याची वाट बघत बसले होते. हिला काय माहीत? ही तेव्हा आजोळी होती.”

“वरूक्का,” इरण्णा म्हणाला, “मल्लेश म्हणतोय तुम्ही आजोळी होता.”

“ऐकलं मी.”

“आणि हे पण सांग,” मल्लेशम म्हणाला, “की आमच्या हौदात माती टाकायला कोणी आलं तर…”

“तर आम्ही दोघं झाकणांवर झोपू,” इरण्णाने पुरं केलं.

“दोन्ही झाकणांवर.”

“तुमच्या जेसीबीला म्हणावं, आधी आमच्यावरून जा.”

“तिला वाटलं काय, चार अक्षरं शिकली म्हणून…”

“शिकली खरी, पण पाणी कसं भरतात ते विसरली बे.”

वरलक्ष्मी ऐकत होती. शब्द बोचत होते, आणि तिने ते बोचू दिले. वीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकून तिचा कानही खांबासारखाच झाला होता, आणि त्या कानाला आता दुसरंच काही ऐकू येत होतं. मल्लेशमचं वाक्य संपत होतं तिथेच इरण्णाचं सुरू होत होतं. पहिल्या दोन-तीन वाक्यांमधे केवढी फट होती. ती आता पापणीएवढी झाली होती. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा चढत होता. एकाने श्वास घेतला की दुसरा थांबत होता. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष तिच्या डोक्यावरून फुगडी घालत होते.

तेवढ्यात नळातून फुस्स करून हवा आली आणि मागोमाग पाणी. हौदात धार पडू लागली. बोलता बोलताच इरण्णाने आपला खटका दाबला. बोलता बोलताच त्याने वरच्या टाकीकडे मान वर करून पाहिलं. हौद बुजवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असतानाच मधेच तो जुन्या सवयीने ओरडला, “झालं, घे.”

आणि मल्लेशमने खटका दाबला.

मोटार घुं करून चालली होती. नीट, पाण्याने भरलेल्या आवाजात.

“तुझी मोटार,” मल्लेशम म्हणाला. या वेळी कोणाच्याही मार्फत नाही. “मी नव्हती जाळली.”

“माहितेय आता,” इरण्णा म्हणाला. “तुझा पाइप उंदराने खाल्ला होता. मी बघितलं होतं. सांगणार कसं? बोलत नव्हतो ना आपण.”

वरलक्ष्मीचा फोन वाजला. झरीन होती.

“ताई, हौद गल्ली एकदम लाल झालीय. मॅडम माणूस पाठवूलाल्यात. तुम्ही तिथेच आहात ना? काय झालं?”

“कोणाकोणात लाल आहे ते बघ.”

पलीकडे थोडा वेळ बटणांचा आवाज आला. “तीन आवाज आहेत. दोघांचा आपसातला ताल… अरे, हा तर झकास आहे. इतका चांगला आकडा मी या गल्लीत कधी बघितला नाही. पण तिसरी एक बाई आहे. तिचा दोघांशीही पार बिघडलाय.”

“बरोबर आहे.”

“ताई, ती बाई म्हणजे तुम्ही आहात का?”

“माणूस पाठवू नका म्हणावं. आज ही गल्ली लालच बरी आहे. आणि झरीन, न बोलणाऱ्या गल्ल्या पुन्हा पांढऱ्या कर. आजच कर. बैठकीत कोणी हसलं तर मी बघते. शहरात पांढऱ्या किती निघतात ते कळू दे, मग एकेका गल्लीत जाऊन बसावं लागेल.”

“पुष्कळ निघतील, ताई.”

“निघू देत. निदान कळेल तरी.”

तिने फोन ठेवला. शिफारस वगैरे ती काही लिहिणार नव्हती, पण हे आज सांगण्यात अर्थ नव्हता. एवढ्या कष्टाने पेटलेला राग थोडे दिवस टिकायला हवा होता. निदान पुढच्या एक-दोन पाण्यांपर्यंत. नियम मोडल्याबद्दल उद्या मॅडमना खुलासा द्यायचा, तो काय द्यायचा याचा विचार करत ती झाकणांवरून उठली. साडीला मागून ओल लागली होती.

दार उघडून पोरगे बाहेर आले. श्रीकरच्या केसांत ज्वारीची फोलपटं होती. त्याने बापाकडे आणि इरण्णाकाकाकडे आळीपाळीने पाहिलं. दोघे मोटारीवर ओणवे होऊन नटाविषयी वाद घालत होते, मोठमोठ्याने, एकमेकांची अक्कल काढत. त्याने पहार उचलली आणि काही न बोलता घरात नेऊन ठेवली. बसूने भिंतीला टेकवलेली आपली पट्टी उचलली आणि कुठे लपवावी हे न कळून ती तशीच पाठीमागे धरली.

“येते मी,” वरलक्ष्मी अंगणाला उद्देशून म्हणाली, आणि वळली.

मागे मल्लेशम खाकरला.

“इरण्णा,” तो म्हणाला, नटावरून नजर न काढता, “विचार त्या बाईला. सकाळी काही खाल्लंय का?”

इरण्णा भिंतीला रेलला. वरलक्ष्मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि मल्लेशमपासून फार तर दोन हात. तरी ती थांबून राहिली. निरोप पोचायला हवा होता.

“वरूक्का,” इरण्णा अगदी गंभीरपणे म्हणाला, “तुमचा भाऊ विचारतोय, सकाळी काही खाल्लंय का?”

“त्यांना सांगा, इरण्णा,” वरलक्ष्मी म्हणाली, “नाही खाल्लं.”

मल्लेशमने नट पिळून घट्ट केला, फडक्याला हात पुसले आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक दिली, “अनसूया, आणखी एक ताट घे.”

वरलक्ष्मीने उंबऱ्यापाशी चपला काढल्या.